सुपारीपासून वर्गणीपर्यंत

गाणें विकत घेतां येतें, ही कल्पना मनुष्याच्या इतिहासांत फार जुनी नाहीं. दीडशें वर्षांपूर्वीं ज्याला गाणें हवें असे त्याला गाणारा मनुष्यच आणावा लागे, आणि गाणारा उठून गेला कीं त्याच्याबरोबर गाणेंहि जाई. शिरूर तालुक्यांत पाबळ या गांवीं मस्तानीची कबर आहे. थोरले बाजीराव १७४० सालीं वारले आणि त्यानंतर लौकरच तिचाहि अंत झाला. तिच्या नृत्यगायनाची कीर्ति पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळ टिकून राहिली आहे. पण तिच्या कंठांतला एक सूरहि आज कोणास ऐकतां यावयाचा नाहीं. त्याच मुलखांत आज लग्नाची वरात निघते तेव्हां पुढें चालणाऱ्या गाडीवर आवाजाच्या भिंती आणि चित्रांचा चमकता पडदा असतो, आणि हजारों गाणीं, तीं गाणाऱ्यांच्या हलत्या चित्रांसह, आंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हमध्यें सामावलेलीं असतात. गाणारा कोण आणि कोठें आहे हें पुष्कळदां वाजविणाऱ्यालाहि ठाऊक नसतें.

मोठ्या शहरांतील नृत्यगृहांत, म्हणजे क्लबांत, एकामागून एक गाणीं जुळवून वाजविणाऱ्या इसमास डिस्क जॉकी म्हणतात. डीजे हें त्याचेंच आद्याक्षरी रूप. शिरूर आणि दौंड या तालुक्यांत मात्र हा शब्द माणसापुरता न राहतां गाडी, कर्णे, दिवे आणि जनित्र या सर्व लवाजम्यास लागूं झाला आहे. परंतु गाडी असो कीं क्लब असो, या धंद्याचें मर्म एकच: लोकांसमोर वाजवावयाचा साठा आणावयाचा कोठून? दरमहा वर्गणी घेऊन चित्रगीतें, म्हणजे व्हिडिओसह गाणीं, पुरविणाऱ्या पेढ्या आतां निघाल्या आहेत. त्यांतली कोणती पत्करावी हा प्रश्न वरवर पाहतां नवा वाटतो. तथापि साधनें बदललीं तरी प्रश्न जुनाच आहे, आणि त्याचा इतिहास न्याहाळला तर उत्तराची दिशाहि त्यांतच सांपडते.

या भागांतील गांवकऱ्यांना संगीताची निवड करण्याची विद्या कोणी शाळेंत शिकविली नाहीं; ती त्यांनीं नारायणगांवीं मिळविली. जुन्नर तालुक्यांतील या गांवीं गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, आणि गांवोगांवचे पंच तेथें जाऊन आपापल्या जत्रेसाठीं फडाला सुपारी देतात. सुपारी देणें म्हणजे करार करणें. ती देण्यापूर्वीं जाणते लोक बारकाईनें चौकशी करतात. फडांत माणसें किती, वग कोणता, ढोलकीवर कोण, रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशींची हजेरी होणार कीं नाहीं, दिवाबत्तीची सोय कोणाची, आणि बिदागी किती? या सर्व चौकशीचें सार तीन प्रश्नांत येतें. आपल्या माणसांना रुचेल असें यांच्यापाशीं कांहीं आहे काय? कबूल केलेलें वेळेवर पदरांत पडेल काय? आणि दिलेला पैसा कोणाच्या हातीं जाईल? नारायणगांवीं हे प्रश्न विचारणें सोपें, कारण उत्तर देणारा राहुटींत समोर बसलेला असतो. पुढील शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे हा समोरचा मनुष्य हळूहळू दूर आणि शेवटीं दिसेनासा कसा झाला याचा इतिहास आहे.

१८७७ सालीं एडिसननें आवाज धरून ठेवणारें यंत्र काढलें. दहा वर्षांनीं बर्लिनरनें चपट्या तबकडीची युक्ति शोधली. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गोहरजानचें गाणें मुद्रित केलें. गाणें संपतांच गोहरजान इंग्रजींत आपलें नांव स्पष्ट उच्चारी. कारण तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या जात, आणि त्यांवर कोणाचें नांव घालावयाचें हें तेथील कारागिरांस त्यावरून कळे. गाणें आणि गाणारा यांची ताटातूट झाल्यावर दोघांना जोडणारा एकच धागा उरला, आणि तो म्हणजे नांव. ही गोष्ट लहान दिसली तरी पुढें तिचें महत्त्व ध्यानांत येईल.

१९०८ सालीं कलकत्त्यासच तबकड्यांचा कारखाना निघाला आणि हा माल देशांत सर्वत्र फिरूं लागला. पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग १८५८ सालींच झाला होता व दौंड त्या मार्गावर होतें. १८७८ सालीं मनमाडचा फांटा निघून तें जंक्शन झालें. मुंबईकडील माल दौंडला आगगाडीनें येई. शिरूरला, म्हणजे जुन्या लोकांच्या घोडनदीला, आगगाडी नव्हती व अद्यापहि नाहीं. तेथें सर्व कांहीं पुणें-नगर रस्त्यानें यावयाचें. नवें गाणें कोणाच्या कानीं आधीं पडेल हें त्या काळीं रुळांवर आणि रस्त्यावर अवलंबून असे. तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचें गाणें मावे. पण तबकडी एकदां विकत घेतली कीं ती घेणाऱ्याची झाली. कंपनी बुडाली तरी ती कपाटांतून कोणी काढून नेत नसे.

मात्र तबकडीची मालकी निराळी आणि ती लोकसमुदायापुढें वाजविण्याचा हक्क निराळा, हा भेदहि याच काळांत कायद्यांत रुजला. हिंदुस्थानांत १९१४ सालीं लेखनाधिकाराचा कायदा झाला. मुद्रित आवाजाच्या सार्वजनिक वादनाची परवानगी देणारी फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड ही संस्था १९४१ सालीं निघाली. स्वतंत्र भारताचा कायदा १९५७ सालीं आला, आणि कवि व संगीतकार यांच्या हक्कांसाठीं इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी १९६९ सालीं स्थापन झाली. म्हणजे एकाच गाण्यांत निदान दोन हक्क असतात: एक शब्द आणि चाल रचणाऱ्यांचा, दुसरा आवाज मुद्रित करविणाऱ्याचा. गाण्याला चित्राची जोड मिळाली कीं त्यांत तिसरा, चित्रपटाचा, हक्क मिळतो.

साठा ज्याच्या हातीं त्याच्याच हातीं आवडनिवडहि जाते, याचा धडा नभोवाणीनें दिला. १९५२ सालीं नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर झाले. लोकांनीं अभिजात संगीत ऐकावें हा त्यांचा हेतु होता, आणि त्यांच्या धोरणामुळें आकाशवाणीवरून चित्रपटगीतें जवळजवळ नाहींशीं झालीं. श्रोत्यांनीं काय केलें? त्यांनीं यंत्राचा कांटा फिरवून सिलोन केंद्र लावलें. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरांत आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. हेतु चांगला असला तरी समोरच्या माणसाला काय हवें हें न विचारतां केलेली निवड टिकत नाहीं, एवढें यावरून सिद्ध झालें.

वर्गणीची जी पद्धति आज दिसते तिचा उगम अमेरिकेंत आहे. न्यूयॉर्क शहरांतील नृत्यगृहांत वाजविणाऱ्यांना नव्या तबकड्यांसाठीं प्रत्येक कंपनीचे उंबरठे झिजवावे लागत. १९७५ सालीं डेव्हिड मॅन्कुसो आणि त्याच्या सोबत्यांनीं न्यूयॉर्क रेकॉर्ड पूल ही सहकारी व्यवस्था काढली. कंपन्यांनीं तबकड्या एके ठिकाणीं द्यावयाच्या, वादकांनीं त्या तेथून न्यावयाच्या, आणि मोबदल्यांत कोणत्या गाण्यावर लोक नाचले व कोणत्या गाण्यावर बसून राहिले हें लिहून कळवावयाचें. म्हणजे तबकडीची किंमत पैशानें नव्हे, तर मतानें चुकती होई. पुढें १९८० च्या सुमारास रॉकअमेरिका या संस्थेनें तीच कल्पना चित्रगीतांना लावली आणि क्लबांना चित्रफिती पुरविण्यास आरंभ केला. १९८१ च्या ऑगस्टांत एमटीव्ही ही चित्रगीतांची वाहिनी अमेरिकेंत सुरू झाली, आणि पुढील दहा वर्षांत ती उपग्रहामार्फत भारतांतहि पोंचली. गाणें ऐकण्याचें त्याचबरोबर पाहण्याचेंहि झालें. २००४ सालीं पायोनियर कंपनीनें तबकडीप्रमाणें चित्रहि हातानें मागेंपुढें करतां येईल असें यंत्र बाजारांत आणलें, तेव्हां क्लबांतील वादक आवाजाबरोबर चित्रांचेंहि मिश्रण करूं लागले.

इकडे शिरूर-दौंडकडे हा प्रवाह वेगळ्याच वाटेनें आला. फिलिप्स कंपनीची छोटी ध्वनिफीत, म्हणजे कॅसेट, १९६३ सालीं निघाली. भारतांत १९८० नंतर तिचा सुळसुळाट झाला. गुलशनकुमार यांची टी-सीरीज १९८३ सालीं निघाली आणि स्वस्त कॅसेट खेड्यापाड्यांत गेली. कॅसेट काढण्यास खर्च थोडा; त्यामुळें ज्यांना मोठ्या कंपन्या दारांत उभें करीत नसत अशा शाहिरांचीं, भजनी मंडळांचीं आणि भीमगीतें गाणाऱ्यांचीं गाणींहि बाजारांत आलीं. कोरेगांव भीमानजीक पेरणे येथील जयस्तंभाशीं १ जानेवारीस जो जनसागर जमतो, तेथें पुस्तकांच्या दुकानांशेजारीं गीतांच्या फिती आणि तबकड्याहि मांडलेल्या असत. हा कॅसेटचा मोठाच उपकार म्हटला पाहिजे.

पण त्याच कॅसेटनें एक वाईट खोडहि लावली. कोरी फीत दुकानदाराकडे द्यावयाची, गाण्यांची यादी सांगावयाची, आणि संध्याकाळीं गाणीं "भरून" आणावयाचीं! पुढें व्हीसीडी आली. लावण्या आणि लोकगीतें चित्रांसह विकत मिळूं लागलीं, आणि त्यांच्या नकलाहि. त्यानंतर मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डांत शेंकडों गाणीं एकदम भरून मिळूं लागलीं. साधनें तीन झालीं, पण क्रियापद एकच राहिलें: भरणें. भरलेल्या गाण्यांत गाणाऱ्याचें नांव गळून पडलें, कवीचें तर नव्हतेंच, आणि पैशाचा एक तांबडा छदामहि त्यांच्यापर्यंत गेला नाहीं. गोहरजाननें मोठ्यानें उच्चारून जो धागा जोडला होता तो असा तुटला. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील विद्युत्संदेश स्वस्त झाले, तेव्हां रुळांवरचें दौंड आणि रस्त्यावरचें शिरूर यांतील अंतरहि मिटलें. नवें गाणें आतां दोहोंकडे एकाच क्षणीं पोंचतें.

या पार्श्वभूमीवर चित्रगीतांच्या वर्गणीकडे पाहिलें पाहिजे. प्रथम हें समजून घ्यावें कीं वर्गण्या दोन जातींच्या आहेत. एका जातींत गाणें आपल्या यंत्रांत उतरवून घेतां येतें. दुसऱ्या जातींत तें केवळ प्रवाहांतून ऐकतां-पाहतां येतें, आणि वर्गणी थांबली कीं प्रवाहहि थांबतो. पहिली म्हणजे धान्य विकत घेऊन कणगींत भरणें; दुसरी म्हणजे रोज दुसऱ्याच्या पंक्तीस जेवणें. स्पॉटिफाय या सेवेनें डीजेंच्या यंत्रप्रणालींशीं असलेली आपली जोड १ जुलै २०२० पासून तोडली, तेव्हां तिच्यावर विसंबलेल्यांच्या याद्या जागच्या जागीं निरुपयोगी झाल्या. ती जोड २०२५ सालीं कांहीं देशांत पुन्हां जुळली. परंतु मधलीं पांच वर्षें कोणी भरून देत नाहीं. शिवाय घरीं ऐकण्यासाठीं घेतलेली अशी वर्गणी सार्वजनिक जागीं वाजविण्यास चालत नाहीं, हें तिच्या अटींतच लिहिलेलें असतें. ज्याला जत्रेच्या रात्रीं माळावर, जेथें संदेशाची रेघ कधीं येते कधीं जाते, पडदा चालू ठेवावयाचा आहे, त्यानें उतरवून घेतां येणारीच वर्गणी पत्करावी, आणि वर्गणी संपल्यावर उतरविलेला साठा वापरण्याची मुभा राहते कीं नाहीं हें आधीं वाचून घ्यावें.

दुसरी गोष्ट मालाच्या प्रतीची. डीजेसाठीं सिद्ध केलेल्या चित्रगीताच्या आरंभीं आणि शेवटीं नुसत्या ठेक्याचीं कांहीं आवर्तनें जोडलेलीं असतात, म्हणजे एक गाणें दुसऱ्यांत बेमालूम मिसळतां येतें. मिनिटाला ठोके किती आणि स्वर कोणता हें त्यावर नोंदलेलें असतें. शिवराळ शब्द गाळलेली निराळी प्रत मिळते. जेथें आजी आणि नातू एकाच मांडवांत बसलेले असतात तेथें ती अवश्य पाहिजे. चित्र स्वच्छ हवें तर वजनहि वाढतें: दर सेकंदास ५ मेगाबिट या मापाचें चार मिनिटांचें चित्रगीत सुमारें १५० मेगाबाइट होतें, आणि अशीं शंभर गाणीं म्हणजे १५ गिगाबाइट. तेव्हां महिन्याला किती गाणीं उतरवितां येतात याची मर्यादा, आणि तेवढीं ठेवण्यास दोन वेगळ्या पेट्या, यांचा हिशेब वर्गणीच्या रकमेइतकाच महत्त्वाचा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. साठा आणि परवानगी एक नव्हेत. पेढीला वर्गणी भरली म्हणजे लोकांपुढें वाजविण्याचा हक्क मिळाला, ही समजूत चुकीची आहे. तो हक्क हक्कधारकांकडून किंवा त्यांच्या संस्थांकडून निराळा घ्यावा लागतो, आणि बहुधा तो जागेच्या चालकानें किंवा कार्यक्रम करविणारानें घ्यावयाचा असतो. १९५७ च्या कायद्याच्या ५२ व्या कलमांत धार्मिक विधींना सवलत आहे, आणि वरात व विवाहाशीं संबंधित सामाजिक समारंभ यांचा त्यांत समावेश आहे. गोवा सरकारनें ३० जानेवारी २०२४ रोजीं परिपत्रक काढून या सवलतीची व्याप्ति सांगितली होती. तें मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें त्याच वर्षीं १३ ऑगस्ट रोजीं रद्द केलें. कायदेमंडळानें जें लिहिलें त्यांत परिपत्रकानें भर घालतां येत नाहीं, असा त्याचा अर्थ. आणखी एक बारीक गोष्ट अशी कीं, त्या कलमांत शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण यांचा उल्लेख आहे, चित्रपटाचा नाहीं. म्हणजे वरातींत नुसतें गाणें वाजविणें आणि पडद्यावर त्याचें चित्र दाखविणें, या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीनें एक धरतां येत नाहींत. महामार्गावरील हॉटेलांतला ३१ डिसेंबरचा जलसा तर या सवलतींत बसतच नाहीं. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड कायद्यानें सांगितला आहे. हातावर पोट असलेल्या डीजेस तो परवडणारा नव्हे.

इतकें सर्व पाहून एखाद्यानें उत्तम परदेशी पेढी निवडली असें समजा. साठा स्वच्छ, नोंदी चोख, वर्गणी बेताची. तरीहि रांजणगांवच्या किंवा यवतच्या मांडवांत तो उघडा पडेल. कारण तेथें जी फर्माईश होते ती मराठी गाण्याची, आणि त्या पेढीच्या कपाटांत बहुतेक इंग्रजी आणि स्पॅनिश गाणीं. नांव सोनूबाई, हातीं कथिलाचा वाळा! २०१६ च्या "सैराट" चित्रपटानें मराठी गाण्यावर सारा देश नाचूं शकतो हें दाखविलें. पण एका चित्रपटानें कोठार भरत नाहीं. मग वादक काय करतो? तो पुन्हां "भरून" घेतो. येथेंच या विषयाचें खरें दुखणें आहे.

शिरूर तालुक्यांतील कवठे येमाई येथील बशीर मोमीन कवठेकर यांनीं आयुष्यभर तमाशाच्या फडांसाठीं लावण्या, गीतें आणि वग लिहिले. महाराष्ट्र शासनानें विठाबाई नारायणगांवकर जीवनगौरव पुरस्कार देऊन त्यांचा सन्मान केला. २०२१ सालीं ते निवर्तले. अशा कवींचे शब्द या पंचक्रोशीच्या तोंडीं आहेत. परंतु पडद्यावर येणाऱ्या गाण्याखालीं कवीचें नांव नसेल तर उद्यांच्या मुलाला तें गाणें आपोआप उगवलें असेंच वाटेल. २०१२ च्या कायदादुरुस्तीनें गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनाचा हक्क त्यांच्यापाशीं राहील असें ठरविलें. पण हक्क वसूल होण्यास नांवाची नोंद लागते. जेथें नोंद नाहीं तेथें हक्क कागदावरच राहतो.

दौंड तालुक्यांत चौफुला येथें कलाकेंद्रें आहेत. तेथें ढोलकी, पेटी आणि पायांतले चाळ प्रत्यक्ष वाजतात. फर्माईश करणारा आणि ती पुरविणारी एकमेकांच्या समोर असतात, आणि पैसाहि समोरासमोर दिला जातो. डीजेच्या धंद्यांत तसें समोरासमोर होणें नाहीं. म्हणून त्याची जागा नोंदीनें आणि करारानें भरून काढावी लागते. ज्या पेढीच्या साठ्यांत मराठी गाणीं आहेत, प्रत्येक गाण्यावर कवि, संगीतकार आणि गायक यांचीं नांवें आहेत, आणि गाणीं कोणाच्या संमतीनें मिळालीं हें जी विचारतांच सांगते, ती पेढी थोडी महाग असली तरी स्वस्त समजावी. आणि अशी पेढी नसेल तर दोन तालुक्यांतील वादकांनीं आणि फडांनीं एकत्र येऊन ती काढणें अशक्य नाहीं. न्यूयॉर्कच्या वादकांनीं १९७५ सालीं याहून निराळें काय केलें? आणि सहकाराची परंपरा तर या जिल्ह्याला कोणी बाहेरून शिकवावी अशी स्थिति नाहीं.

नारायणगांवच्या राहुटींत बसून सुपारी देणारे जाणते लोक जे तीन प्रश्न विचारीत, तेच वर्गणी भरणाऱ्या तरुणानेंहि विचारावेत: आपल्या माणसांना रुचेल असें यांच्यापाशीं काय आहे, कबूल केलेलें वेळेवर मिळेल काय, आणि पैसा कोणाच्या हातीं जाईल? पहिल्या दोन प्रश्नांची उपेक्षा केली तर एक रात्र फुकट जाते. तिसऱ्याची उपेक्षा केली तर गाणें रचणारा उपाशी राहतो. आणि रचणाराच राहिला नाहीं म्हणजे पुढच्या पिढीच्या डीजेला वाजविण्यास जें उरेल तें सगळें परगांवचें असेल.